काळ्या रानाखालचा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?



जमीन हादरली, की गावात हमखास एक बोलणे निघते : "आपल्या पायाखाली ज्वालामुखी आहे, आता तो फुटणार!" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशी चर्चा गावोगाव झाली. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली, नांदेड, परभणी भागात धक्के बसले, तेव्हाही लोक हेच विचारीत होते. म्हणून खरे काय ते समजून घेऊ.

आपले रान लाव्ह्याचे

आपल्या भागात एके काळी लाव्हा वाहिला, एवढे खरे आहे. पण त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. तो एखाद्या डोंगराच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला. एक थर थंड झाला, की त्यावर दुसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे. सह्याद्रीत त्यांची जाडी फार मोठी आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते.

विहीर खणताना हे थर दिसतात. वर मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या खडक, खाली घट्ट काळा पाषाण, मधूनच लाल मातीचा पट्टा. हाच खडक लाखो वर्षे झिजून आपली काळी कसदार जमीन तयार झाली.

बिलोली-देगलूरच्या बाजूला हे लाव्ह्याचे आवरण संपत येते आणि त्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. तो २०० कोटी वर्षांहून जुना आहे. म्हणून आपल्या भागात काही रान काळे, भारी, तर काही तांबूस, वाळूमिश्रित दिसते. काळी जमीन पाणी धरून ठेवते. हलक्या जमिनीला थोडे थोडे, पण वरचेवर पाणी द्यावे लागते. शेजाऱ्याला पाणी लागले म्हणून तेवढ्याच खोलीवर आपल्यालाही लागेल, असे इथे गृहीत धरू नये.

मग आग गेली कुठे?

बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून आला. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि ती जागा मागे, हिंदी महासागरात राहिली. मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आज तिच्यावरच धगधगतो आहे. थोडक्यात, चूल तिथेच राहिली आणि तवा पुढे सरकला.

लोणारचे सरोवरही ज्वालामुखीचे तोंड नव्हे. ते उल्केच्या आघाताने झाले आहे.

भारतातला जागता ज्वालामुखी

भारतात सध्या जागा असलेला ज्वालामुखी एकच : अंदमानातील बॅरन बेट. पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून ते सुमारे १३५ किलोमीटर ईशान्येस आहे. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि समुद्रावर सुमारे ३५० मीटर उंच. पण ते एका बुडालेल्या मोठ्या पर्वताचे टोक आहे. तिथे माणसांची वस्ती नाही. रानटी झालेल्या शेळ्या मात्र आहेत.

तिथे भारताचा भूस्तर शेजारच्या भूस्तराखाली बुडत आहे. त्याबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे तिथला तप्त खडक वितळतो आणि वर येतो. या बेटावरच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची. एकोणिसाव्या शतकानंतर तो दीर्घकाळ शांत राहिला. १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. १९९४-९५ आणि २००५ मध्येही त्याने लाव्हा ओकला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरून त्याची राख आणि रात्रीचा तांबडा लाव्हा पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्येही लहान उद्रेक झाले.

भीती कशाची बाळगावी?

मराठवाड्यात भूस्तर बुडण्याची अशी जागा नाही आणि पृष्ठभागाजवळ वितळलेला खडकही नाही. तेव्हा ज्वालामुखीची धास्ती सोडा. भूकंपाचे कारण वेगळे आहे. आपला भूभाग आजही उत्तरेस हिमालयाकडे रेटला जातो. तो ताण जुन्या भेगांत साठतो आणि खडक सरकला, की हादरा बसतो.

किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली ती लाव्ह्याने नव्हे, तर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवद अंगावर कोसळून. म्हणून अफवांवर चर्चा करण्यापेक्षा आपले घर तपासा. माळवदावर दरवर्षी चढवलेली जादा माती उतरवा. फुगलेली किंवा तडकलेली भिंत वेळीच दुरुस्त करा. नवे घर बांधताना जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने भिंतींना सर्व बाजूंनी सलग पट्टी घाला आणि कोपरे पक्के सांधा. धान्याची पोती, जड पेट्या निजण्याच्या जागेवर रचू नका.

काळ्या रानाखालची आग केव्हाच विझली आहे. घराची डागडुजी मात्र पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावी.