देव न मानणाऱ्यांनो, दीक्षाभूमी बघा

देव मानत नाही, पण कुठेतरी शांत बसावंसं वाटतं? नागपुरात दीक्षाभूमीवर जा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तो इथेच. तेव्हा त्यांनी अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेशांना देव न मानण्याची! वास्तुविशारद शिवदानमल यांनी आखलेला इथला स्तूप सांचीच्या वळणाचा. पण सांचीचा भरीव, हा आतून पोकळ. म्हणजे नुसती प्रदक्षिणा नाही, थेट घुमटाखाली बसता येतं. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. बौद्धांचं हे श्रद्धास्थानच, पण आत जाताना तुमची श्रद्धा कुणी विचारत नाही. दसऱ्याला, म्हणजे या धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी, इथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, मला तोच खरा प्रसाद वाटतो. मात्र तेव्हा तुफान गर्दी. निवांतपणा हवा तर एरवी सकाळी जा.