डिपरची भाषा

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, की देवास-भोपाळ रस्त्यावर दिवेलागणीनंतर डोळ्यांत तेल घालून गाडी चालवावी लागते. सोनकच्छच्या अलीकडे एकदा माझ्या पुढ्यातला काळोख जरा जास्तच दाट वाटला. ती ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरची पट्टी नाही. पोत्यांवर आडव्या झालेल्या पोराच्या हातातला मोबाइल उजळला आणि मी ब्रेक दाबला.

ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी गाडी 33 मीटर पुढे आलेली असते. वेग कमी व्हायला सुरुवात त्यानंतर. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूखालोखाल दुसरा होता.

स्वयंचलित गाडीचा विषय निघाला, की सगळ्यांची नजर रिकाम्या ड्रायव्हर सीटकडे जाते. मला त्यातला कमी चमकदार भाग मोलाचा वाटतो: गाड्यांनी आपसांत बोलणं. गाडीतला छोटा रेडिओ संच सेकंदाला दहा वेळा सांगत राहतो, मी इथे आहे, वेग इतका, तोंड या दिशेला, आत्ता ब्रेक दाबला. आसपासच्या गाड्या ते ऐकतात. जानेवारीतलं धुकं कॅमेऱ्याला आंधळं करतं, रेडिओला त्याचं काही नसतं.

ट्रकवाल्यांना यात नवल वाटू नये. डिपर ही त्यांची भाषाच आहे. गाडी बंद पडली, की मागे बाभळीच्या फांद्या आणि चार धोंडे मांडतात, तोही निरोपच. पंचाईत अशी, की ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि धोंडे तिथेच राहतात. शिळ्या निरोपावर रात्री एखादा बाइकवाला आपटतो. रेडिओवरचा निरोप गाडी हलली, की तिच्याबरोबरच हलतो.

फायदा अपघातांपुरता नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जपानी संशोधकांनी 230 मीटरच्या वर्तुळात 22 गाड्या सारख्या वेगाने फिरायला सोडल्या. कोणी आडवं आलं नाही, तरी कोंडी झाली. एकाने जरासा ब्रेक मारला, मागच्याने त्याहून जास्त, आणि लाट मागे सरकत गेली. पुढे अमेरिकेत अशाच वर्तुळात वीसेक गाड्यांमध्ये एकच स्वयंचलित गाडी शांतपणे चालवली, तर ती लाट विरली.

याच मुलखात, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. जून 2021मध्ये उद्घाटन झालं तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब म्हणून गाजला. तिथे गाडी कितीही पळवा, म्हैस आडवी येत नाही. दुसरीकडे भोपाळात ‘स्वायत्त रोबॉट्स’ या कंपनीचे संजीव शर्मा आपली बोलेरो मुद्दाम गल्लीबोळांत आणि गर्दीत विनाचालक चालवून दाखवतात. 2024मध्ये आनंद महिंद्रांनीही तिचं कौतुक केलं. सोनकच्छ या दोघांच्या वाटेवर मध्ये लागतं. इथे रस्ता चौपदरी आहे, पण दुभाजकातला कट लांब पडतो म्हणून ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतो, आणि त्याच्या चालकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरींनी डिसेंबर 2023मध्ये नागपुरात पुन्हा सांगितलं. काळजी रास्त आहे. पण चालक जागेवर ठेवूनही गाडीला डोळे-कान देता येतात. त्याच नागपुरात 2021 साली सुरू झालेल्या आयरस्ते प्रकल्पात शहर बसमध्ये चालकाला वेळीच टोकणारी यंत्रं बसवली. कुठे वारंवार इशारे वाजतात याच्या नोंदींवरून, अपघात व्हायच्या आधीच धोक्याची ठिकाणं हुडकायची, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना.

राहिली ट्रॉली. तिच्यावर रडार-कॅमेऱ्यांचा सरंजाम कोणी चढवणार नाही. पण आपण कुठे आहोत, किती वेगाने चाललो आहोत, हे पोराच्या हातातल्या मोबाइलला त्या क्षणीही कळत होतं. मागून येणाऱ्या मला तेवढंच हवं होतं.

त्या रात्री कालीसिंधच्या पुलापर्यंत मी चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून त्या ट्रॉलीचा टेललाइट होऊन चाललो. पोराने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.