प्रोसेसरचा ताप आणि दोन हजारांचा कूलर

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास आमच्या गल्लीतला एक तरुण मला बोलवायला आला. “काका, जरा घरी चला. आईला तुम्हीच समजावून सांगा.”

घरात वाद चालला होता. मुलगा लग्नाच्या, बारशाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. वडील उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, आई चार घरची कामे करते. पै-पै साठवून त्यांनी मुलाला कॉम्प्युटर घेऊन दिला, तोही जुना. आता मुलगा म्हणत होता, प्रोसेसरला बावीसशे रुपयांचा कूलर पाहिजे.

आई मला म्हणाली, “भाऊजी, तुमीच सांगा ह्याला. दोन हजाराचा कूलर आणायचाच, तर घरात बसीव की! पत्र्याखाली आमास्नी बी जरा गार वाटंल.”

आम्ही सगळे हसलो. पण त्या माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बावीसशे रुपये म्हणजे त्या घरचा दहा-बारा दिवसांचा बाजार. हा खर्च गरजेचा की हौसेचा? असा प्रश्न आज अनेक घरांत पडत असेल, म्हणून हा लेखप्रपंच.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. तो ठोक्याठोक्याने काम करतो. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. कंपनी प्रोसेसर विकताना त्याचा वेग ठरवून देते. त्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

ही कला मुळात कमी पैसेवाल्यांची. १९९८ साली इंटेल कंपनीचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागे. थोडक्या पैशांत महागड्या प्रोसेसरचे काम! आता मात्र दिवस बदलले. कंपन्या स्वतःच प्रोसेसरला गरजेप्रमाणे वेग वाढवायला शिकवतात, त्यामुळे आपल्यासाठी फारसे शिल्लक राहत नाही. पाच-दहा टक्के वेग वाढला तरी पुष्कळ समजावे.

तापाचे चक्रवाढ व्याज

मी कॉमर्स शिकलेला कारकून माणूस. विजेचे शास्त्र मला उशिरा कळले, पण ते कळले हिशेबातूनच. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी उष्णता बाहेर टाकतो. ही वीज वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वेग एकदा मोजायचा आणि व्होल्टेज दोनदा.

समजा, वेग १० टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले. मग १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३१. शंभर रुपये दहा टक्के चक्रवाढ व्याजाने तीन वर्षे ठेवले तर १३३ रुपये १० पैसे होतात, तेच हे गणित. वेग दहा टक्के वाढला आणि ताप मात्र तेहतीस टक्के! हा वाढीव ताप बाहेर काढण्यासाठी चांगला कूलर लागतो.

ताप हाताबाहेर गेला तर आजचा प्रोसेसर सहसा लगेच जळत नाही. तो आपणहून वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मशीन बंद पडते. या मुलाचे नेमके तेच झाले होते. एका लग्नाची फिल्म रविवारी द्यायचा शब्द दिलेला, आणि शनिवारी दुपारी भर उन्हात मशीन तीनदा बंद पडले. काम मंगळवारी दिले. गिऱ्हाइकाने पाचशे रुपये कापून घेतले.

आधी प्रोसेसर ओळखा

कूलर विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहावी. आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का? सगळे होत नाहीत. इंटेलमध्ये ज्याच्या नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर आहे, असे प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या रायझेन मालिकेतले डेस्कटॉपचे बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात, पण मदरबोर्ड ‘बी’ किंवा ‘एक्स’ मालिकेचा हवा. ए३२० आणि ए५२० या बोर्डांवर ते जमत नाही.

आपल्या घरांत पुष्कळदा ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर येतात. त्यांत आय५-६५०० सारखे कुलूपबंद प्रोसेसर असतात. त्यावर दोन हजारांचा कूलर बसवून वेग वाढणार नाही. त्यांची धूळ काढावी, पेस्ट बदलावी आणि उरलेल्या पैशांत रॅम किंवा एसएसडी घ्यावी. फायदा जास्त होतो.

या मुलाकडे रायझेन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड होता. म्हणजे वाट मोकळी होती.

कूलर काम कसे करतो?

मुलाने मोबाइलवर कूलरचा फोटो दाखवला. वडील पाहताच म्हणाले, “अरे, ही तर मोटारसायकलच्या इंजिनाची पाती!” अगदी बरोबर. इंजिनावर पात्या असतात त्या याचसाठी की, गरम धातूचा जास्तीत जास्त भाग वाऱ्याला लागावा.

प्रोसेसरबरोबर फुकट मिळणारा कूलर बहुधा ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा असतो. विकतच्या टॉवर कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. नळीत थोडेसे पाणी घालून हवा काढून घेतलेली असते. प्रोसेसरच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ वरच्या थंड टोकाला जाते, तिथे पुन्हा पाणी होऊन खाली येते. भाताच्या भांड्यावरच्या झाकणाखाली घडते तेच. पंखा पात्यांतून वारा सोडतो आणि उष्णता बाहेर जाते.

मात्र एक लक्षात ठेवावे. हा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० पर्यंत जातो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर. खोली दहा अंश तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो. थंड देशातल्या माणसाने दिलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळे.

निवड कशी करावी?

चार तांब्याच्या नळ्या आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा, एवढा टॉवर कूलर सहा कोअरच्या प्रोसेसरला पुरतो. कूलर मास्टरचा हायपर २१२ किंवा डीपकूलचा एके४०० हे या जातीचे. असे कूलर साधारण दोन ते अडीच हजारांत मिळतात. पाण्याचे लिक्विड कूलर दिसायला झोकदार, पण किंमत बरीच जास्त, आणि त्यात पंप असतो. पंप बिघडला की सगळेच थांबते. टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर नुसता पंखा बदलता येतो.

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. पहिली, सॉकेटचे नाव. या मुलाचा एएम४ होता. दुसरी, कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो. हे कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेट अरुंद असेल तर झाकण लागत नाही. तिसरी, रॅमच्या पट्ट्यांना कूलर अडतो का. खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावर फार विसंबू नये. प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी. रंगीत दिव्यांसाठी तर एक रुपयाही जास्त देऊ नये. दिव्याने वारा येत नाही.

बसवताना झालेली चूक

राजारामपुरीतून कूलर आणला आणि रविवारी आम्ही तिघे बसवायला बसलो. एएम४चा जुना कूलर सरळ ओढून काढू नये. पेस्ट चिकटून प्रोसेसरही बरोबर उपसला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटे चालवून गरम करावे, मग बंद करून वायर काढावी आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळत सोडवावा. हे सगळे आम्ही नीट केले. जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

मशीन सुरू केले तर पारा थेट ९५! मुलाचा चेहरा उतरला. आई दारातून बघत होती, काही बोलली नाही. तिचे न बोलणेच जास्त टोचले. पुन्हा सगळे खोलले, तेव्हा दिसले की कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ कागद आम्ही काढलाच नव्हता. चूक माझी होती. चष्मा न लावता मीच तो भाग पाहिला होता. वाचकांनी ही चूक करू नये.

कागद काढल्यावर पूर्ण कामात पारा ७२ वर थांबला. पूर्वी दुपारी तो ९५ ला टेकत असे. मग वेग हळूहळू वाढवला. एकदम मोठी उडी मारू नये. थोडा वेग वाढवावा, अर्धा तास जड काम द्यावे, पारा पाहावा, मगच पुढचे पाऊल टाकावे. ८५ च्या आसपास आले की थांबावे. आम्ही सगळे कोअर ३.९ गिगाहर्ट्झवर ठेवले. पारा ७९. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे आधीच समजून घ्यावे. व्होल्टेज तर बेतानेच वाढवावे.

हिशेब काय निघाला?

लग्नाच्या फिल्मचे जे काम सकाळच्या गारव्यात पन्नास मिनिटांत व्हायचे, ते सत्तेचाळीस मिनिटांवर आले. बस्स, तीनच मिनिटे! पण हेच काम पूर्वी दुपारी सव्वा तास घेई, किंवा मशीन मध्येच बंद पडे. आता दुपारीही सत्तेचाळीसच मिनिटे लागतात. म्हणजे खरा लाभ वाढवलेल्या वेगाचा नाही, ताप उतरल्याचा आहे. वीज साधारण २० वॅट जास्त लागते. रोज पाच तास धरले तर महिन्याला तीन युनिट. तेवढे परवडते.

तरुण मित्रांनो, कूलर घ्यायचा तर तापासाठी घ्या, आकड्यांच्या बढाईसाठी नको. इचलकरंजीकडे मागाजवळ राहणाऱ्यांनी दर महिन्याला पात्यांतला कापसाचा फुफाटा ब्रशने काढावा. इतरांनी दोन-तीन महिन्यांनी धूळ झाडावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. याला पैसे पडत नाहीत.

आणि पालकांनो, मुलाने असे काही मागितले तर लगेच नाही म्हणू नका, लगेच होही म्हणू नका. त्याला हिशेब मांडायला लावा. शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९२० साली ‘सैरंध्री’ चित्रपट काढला. यंत्र उघडून पाहणे ही या गावची जुनी खोड आहे, ती वाईट नाही.

गेल्या महिन्यात त्या घरी गेलो होतो. मुलाने लग्नसराईच्या कमाईतून आईसाठी टेबलफॅन आणला आहे. माउली वाऱ्यात बसून भाजी निवडत होती. मला बघून म्हणाली, “बघा भाऊजी, अखेर कूलर घरात आलाच की!”