मॅड रिव्हर ग्लेन: स्की करणाऱ्यांच्या मालकीचा डोंगर

अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात ग्रीन माउंटन्स ही दाट जंगलाने झाकलेली पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरली आहे. तिच्यातील जनरल स्टार्क या डोंगरावर, फेस्टन गावच्या हद्दीत, मॅड रिव्हर ग्लेन हे छोटे स्कीकेंद्र आहे. १७७७ मधील बेनिंग्टनच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूच्या फौजेला हरवणारे सेनानी जॉन स्टार्क यांचे नाव या डोंगराला दिलेले आहे. त्याचा माथा ३,६३७ फुटांवर आहे आणि तेथून पायथ्यापर्यंतचा उतार २,०३७ फुटांचा आहे. रॉकी पर्वतातील स्कीकेंद्रांच्या तुलनेत ही उंची फारशी नाही. हॉटेलांची रांग, दुकानांचे संकुल किंवा विक्रीसाठी बांधलेले बंगले येथे नाहीत. तरीही अमेरिकेतील स्कीइंगच्या इतिहासात या डोंगराला मानाचे स्थान आहे, कारण गेली अनेक वर्षे त्याची मालकी त्यावर स्की करणाऱ्यांकडेच आहे.

केंद्राचे संस्थापक रोलंड पामेडो हे पहिल्या महायुद्धातील नौदल वैमानिक होते आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक-बँकर झाले. व्हरमाँटमधील स्टो येथे १९४० साली चेअरलिफ्ट उभी राहिली, त्यातही त्यांचा पुढाकार होता. पुढे स्टो मोठ्या गुंतवणुकीच्या आणि पर्यटन-व्यवसायाच्या वाटेने जाऊ लागले. पामेडोंना मात्र खेळ आधी आणि व्यवसाय नंतर असा डोंगर हवा होता. स्की करणारे आणि तेथे काम करणारे मिळून हिवाळ्यापुरता एक समुदाय तयार व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी त्यांनी जनरल स्टार्कची निवड केली आणि १९४८-४९ च्या हिवाळ्यात केंद्र सुरू झाले.

त्याच वेळी बसवलेली एकआसनी चेअरलिफ्ट, म्हणजे ‘सिंगल चेअर’, ही या केंद्राची ओळख बनली. चेअरलिफ्टचा शोध तेव्हा फार जुना नव्हता. १९३६ मध्ये आयडाहोतील सन व्हॅली येथे युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांनी जगातील पहिली चेअरलिफ्ट तयार केली. केळीचे घड जहाजावर चढवणारी, फिरत्या दोरावर आकडे लावलेली यंत्रणा त्यांना ठाऊक होती. आकड्यांच्या जागी त्यांनी खुर्च्या लावल्या. मॅड रिव्हर ग्लेनची लिफ्ट अमेरिकन स्टील अँड वायर कंपनीने बांधली. पोलादी मनोऱ्यांवरून अखंड फिरणारा तारदोर, त्याला ठरावीक अंतराने टांगलेल्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत एकच माणूस, अशी तिची रचना आहे. सुमारे मैलभराची ही चढण पार करायला दहा-बारा मिनिटे लागतात.

अशा लिफ्टची क्षमता अर्थातच कमी असते. ती तासाला पाचशेच्या आसपास माणसे वर नेते, तर चौघांना एकदम नेणारी आधुनिक वेगवान लिफ्ट दोन हजारांहून अधिक नेऊ शकते. पण याच मर्यादेत या डोंगराचे गमक आहे. वर पोचणारी माणसे मोजकी असल्याने उतारावर गर्दी होत नाही आणि पडलेले बर्फ लवकर खरवडले जात नाही. अरुंद वाटाही सुरक्षित राहतात. खाली रांगेत थोडा अधिक वेळ जातो, पण त्याच्या मोबदल्यात मोकळा आणि चांगल्या बर्फाचा उतार मिळतो.

उतारांची आखणीही त्याच विचाराने झाली आहे. डोंगर यंत्राने सपाट करून रुंद पट्टे काढण्याऐवजी त्याच्या मूळ घडणीप्रमाणे वाटा वळवल्या आहेत. खडक, ओहोळ आणि झाडे जागच्या जागी आहेत. बर्फ दाबून गुळगुळीत करणारी यंत्रे मोजक्याच उतारांवर फिरतात. बाकी ठिकाणी स्कीच्या वळणांनी आपोआप बर्फाचे उंचवटे तयार होतात आणि त्यांच्यातून वाट काढणे हेच तेथील कौशल्य ठरते. ‘पॅराडाइज’ नावाच्या अवघड वाटेवर तर गोठलेला छोटा धबधबा ओलांडावा लागतो. ‘जमत असेल तर करून पाहा’ अशा अर्थाचे केंद्राचे घोषवाक्य तेथील गाड्यांच्या मागे चिकटवलेले हमखास दिसते. नवशिक्यांनाही येथे तितकीच जागा आहे. ‘बर्डलँड’ या सौम्य भागातील बऱ्याच वाटांना पक्ष्यांची नावे आहेत. तेथे दोनआसनी लिफ्ट असून परिसरातील मुलांच्या अनेक पिढ्या याच भागात स्की शिकल्या.

येथील दिवस सकाळी लिफ्ट सुरू होताच उजाडतो. पायथ्याच्या ‘बेसबॉक्स’ या साध्या इमारतीत बूट चढवले जातात, पिशव्या बाकाखाली सरकवल्या जातात. नेहमी येणारे एकमेकांना नावाने ओळखतात आणि लिफ्टवरचे कर्मचारीही त्यांना ओळखतात. एकआसनी लिफ्टवर वर जाताना सोबत कोणी नसते, त्यामुळे बोलणे होते ते खालच्या रांगेत आणि माथ्यावर. माथ्यावर ‘स्टार्क्स नेस्ट’ नावाची निवाऱ्याची खोली आहे. ‘लाँग ट्रेल’ ही व्हरमाँटच्या दक्षिण सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पदभ्रमणाची वाट तिच्याजवळूनच जाते, त्यामुळे उन्हाळ्यात तेथे पदयात्री थांबतात. दुपारी घरून आणलेले डबे उघडले जातात. लिफ्ट बंद झाल्यावर बचाव पथकाचे सदस्य प्रत्येक वाटेवरून शेवटची फेरी मारतात आणि कोणी मागे राहिले नाही याची खात्री झाल्यावरच खाली येतात.

कृत्रिम बर्फ तयार करण्याची सोय येथे थोडीच, मुख्यतः खालच्या भागापुरती आहे. वाऱ्याबरोबर आलेले ढग ग्रीन माउंटन्सवर अडून येथे भरपूर हिमवर्षाव करतात आणि केंद्राचा भार त्याच्यावरच असतो. मात्र भर हिवाळ्यात पाऊस पडला किंवा तापमान चढून पुन्हा गोठले, की उतार काचेसारखा टणक होतो आणि काही वेळा लिफ्ट बंद ठेवावी लागते. हवामान तापत चालले आहे तसा हा धोका वाढत आहे. निसर्गाच्या बर्फावर विसंबलेल्या केंद्रासाठी हाच सर्वांत कठीण प्रश्न आहे.

१९७२ मध्ये केंद्र बेट्सी प्रॅट आणि त्यांचे पती यांच्याकडे आले. पतीच्या निधनानंतर बेट्सींनी ते एकटीने सांभाळले. विकण्याची वेळ आली तेव्हा डोंगराचे रूप पालटून टाकणाऱ्या कंपनीला तो द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवले होते. १९९५ च्या डिसेंबरमध्ये मॅड रिव्हर ग्लेन कोऑपरेटिव्ह या सहकारी संस्थेने सुमारे २५ लाख डॉलरला डोंगर विकत घेतला. साखर कारखाने आणि दूध संघ यांच्यामुळे मराठी वाचकाला सहकाराची जी चौकट परिचित आहे, तीच येथे दिसते. सभासद भाग विकत घेतात, संचालक मंडळ निवडतात आणि मोठे निर्णय मतदानाने होतात. एका सभासदाला चारपेक्षा अधिक भाग घेता येत नाहीत आणि भाग कितीही असले तरी मत एकच असते. त्यामुळे पैशाच्या बळावर डोंगर कोणाच्या एकट्याच्या ताब्यात जाऊ शकत नाही. हिवाळ्यापूर्वी वाटांवरील झुडपे तोडण्यासारख्या कामांना सभासद श्रमदानाने येतात.

सहकाराची कसोटी लागली ती लिफ्ट जुनी झाली तेव्हा. तिच्या जागी दोनआसनी नवी लिफ्ट बसवणे स्वस्तात झाले असते. सभासदांनी मात्र एकआसनी लिफ्टच पूर्ववत करण्याच्या बाजूने कौल दिला आणि त्यासाठी निधी उभारला. व्हरमाँटमधील वारसा-जतन संस्थेची साथ मिळाली. मनोरे हेलिकॉप्टरने उतरवून स्वच्छ केले, रंगवले आणि नव्या काँक्रीटच्या पायांवर पुन्हा उभारले. हे काम २००७ मध्ये पूर्ण झाले. २०१२ मध्ये केंद्राची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा-स्थळांच्या सूचीत झाली. अमेरिकेत अशी दुसरी एकआसनी लिफ्ट अलास्कातील कॉर्डोव्हा येथे चालते. ती मूळची सन व्हॅलीची.

सभासदांचा एक निर्णय वादाचाही ठरला आहे. येथे स्नोबोर्डला परवानगी नाही. ही बंदी प्रॅट यांच्या काळात आली आणि सभासदांनी ती कायम ठेवली. अमेरिकेत असा नियम पाळणारी आणखी दोनच केंद्रे आहेत, युटातील आल्टा आणि डिअर व्हॅली. स्नोबोर्ड वापरणाऱ्या तरुणांना दूर ठेवणे योग्य नाही, अशी टीका होते. बंदी उठवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही अखेर सभासदांच्याच मतांना आहे.

मोठ्या कंपन्या एकामागून एक स्कीकेंद्रे विकत घेत असताना, आपल्या सर्व डोंगरांवर चालणारे हंगामी पास विकत असताना, या डोंगराने तीन दशके आपला कारभार आपल्या हाती ठेवला आहे. आकार लहान ठेवणे, वर जाणारी माणसे मर्यादित ठेवणे आणि मालकी वापरणाऱ्यांकडे ठेवणे या तीन गोष्टी परस्परांना आधार देतात. स्थानिक डोंगर स्थानिकच राहू शकतो, हे मॅड रिव्हर ग्लेनने सहकाराच्या बळावर सिद्ध केले आहे.