कावासाकी रोग व तरुणांतील हृद्‌विकार
मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होणारा, तीव्र ज्वर व मध्यम आकाराच्या रोहिण्यांचा शोथ (दाहयुक्त सूज) ही वैशिष्ट्ये असलेला विकार. जपानी बालरोगतज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये त्याचा पहिला रुग्ण पाहिला व १९६७ मध्ये ५० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही.

पाच वा अधिक दिवस टिकणारा ज्वर, पू न येता दोन्ही डोळे लाल होणे, ओठ फुटणे, जीभ लालभडक होणे, अंगावर पुरळ, मानेतील लसीका ग्रंथींची वाढ आणि हातापायांची सूज ही प्रमुख लक्षणे होत. पुढे बोटांची त्वचा सोलली जाते. गोवर किंवा औषधाची ॲलर्जी समजून निदान चुकण्याचा संभव असतो. ज्वर उपचारांशिवायही ओसरतो. परंतु उपचार न झालेल्या सुमारे १५ ते २५ टक्के मुलांत हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्यांची भित्ती दुर्बल होऊन फुगते. यास रोहिणीविस्फार म्हणतात. सुमारे निम्मे विस्फार एक-दोन वर्षांत आकाराने पूर्ववत होतात. मोठ्या विस्फारात मात्र रक्तप्रवाह मंदावून गुठळी होते किंवा त्याच्या टोकांशी रोहिणी अरुंद होत जाते. परिणामी मधुमेह, धूम्रपान यांसारखी नेहमीची कारणे नसतानाही विशी-तिशीत हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीने पेनिसिलिनाचे उत्पादन केले. बालपणी हृदयास इजा करणारा दुसरा विकार म्हणजे संधिज्वर. तो व त्यामुळे होणारी झडपांची हानी पेनिसिलिनाने टाळता येते. कावासाकी रोगावर मात्र प्रतिजैव औषधांचा उपयोग होत नाही. ज्वर सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून प्रतिरक्षा ग्लोब्युलीन दिल्यास विस्फाराचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपर्यंत घटते. त्याच्या जोडीला वैद्यांच्या देखरेखीखाली ॲस्पिरीन देतात. हृदयाच्या प्रतिध्वनी-आलेखनाने विस्फार ओळखता येतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात परगावांहून आलेला तरुण कामगारवर्ग मोठा आहे. अशा कामगाराजवळ बालपणीच्या आजाराची नोंद असतेच असे नाही. म्हणून तरुण व्यक्तीच्या छातीत दुखू लागल्यास ‘वय लहान आहे’ म्हणून दुर्लक्ष न करता हृद्‌विद्युत् आलेख काढणे व लहानपणी दीर्घ ज्वर आणि पुरळ येऊन गेल्याविषयी विचारणे आवश्यक ठरते. विस्फार आढळलेल्या मुलांची तपासणी प्रौढपणीही चालू ठेवावी लागते. त्यांच्या निदानाचे कागद पालकांनी जपून ठेवून मूल मोठे झाल्यावर त्याच्या स्वाधीन करणे हितावह होय.