तलावातील मासे पहाटेच का गुदमरतात?

उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या सकाळी फिरायला निघालेल्या नागरिकांना शहरातील तलावाच्या काठाशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. कुणीतरी पाण्यात विष कालवले असावे, अशी शंका प्रथम घेतली जाते. क्वचित ती खरीही ठरते. परंतु पुष्कळदा हे मासे प्राणवायूवाचून गुदमरून मेलेले असतात. याचे मूळ पाण्याच्या काही भौतिक गुणधर्मांत आहे.

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात आणि हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात शून्य अंश सेल्सिअसला सुमारे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी तापले की माशांच्या शरीरक्रिया मात्र वेगवान होतात व त्यांना अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे गरज वाढते, नेमका तेव्हाच पुरवठा घटतो.

दुसरा गुणधर्म घनतेचा. पाणी सुमारे ४ अंशांना सर्वांत जड असते. म्हणूनच काश्मीरमधील दल सरोवर कडाक्याच्या थंडीत गोठते ते वरून. बर्फाच्या थराखाली पाणी द्रवरूपच राहते आणि मासे तगून राहतात. महाराष्ट्रातील तलाव गोठत नाहीत. तथापि घनतेचा खेळ येथेही चालतो. २९ आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेतील फरक हा ४ आणि ५ अंशांच्या पाण्यातील फरकाच्या तिसाहून अधिक पट असतो. त्यामुळे उन्हाने तापलेले हलके पाणी वर आणि थंड, जड पाणी तळाशी असे थर थोड्याशा फरकानेही तयार होतात. तळाच्या थराला ना हवा मिळते, ना पुरेसा प्रकाश. गाळातील सूक्ष्मजीव तेथील प्राणवायू संपवून टाकतात. मग वादळी वारा सुटला किंवा वळवाची गार सर कोसळली की थर मोडतात आणि तळाचे निकृष्ट पाणी वर येते.

इथवर सारे निसर्गाचे. माणूस त्यात सांडपाण्याची भर घालतो. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते. पण रात्री प्रकाशाअभावी फक्त श्वसन करते. परिणामी सूर्योदयाच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू नीचांकाला पोहोचतो. जलपर्णीचे आच्छादन प्रकाश अडवते व हवेचा संपर्कही तोडते. मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पुढे पिण्यायोग्य राहिले नाही आणि तेथे जलपर्णी फोफावली. कोल्हापूरच्या रंकाळ्यालाही सांडपाणी व जलपर्णी या दोन्हींचा उपद्रव सोसावा लागला आहे.

कारंजी बसवल्याने पाण्यात हवा मिसळते, जलपर्णी काढल्याने प्रकाश आत शिरतो. हे उपाय आवश्यक असले, तरी सांडपाण्याचा नाला वाहता असेपर्यंत ते तात्पुरतेच ठरतात. पाण्याचे गुणधर्म बदलणे कुणाच्या हाती नाही. नाला अडवणे मात्र निश्चितच आहे. मेलेले मासे उचलून नेले म्हणजे तलाव स्वच्छ झाला, असे समजणे ही केवळ स्वतःची फसवणूक होय.