बेडी गेली, उचल राहिली

न्हावा शेव्याच्या बंदरासमोर घारापुरीचे बेट आहे. हा किनारा रोमन व्यापाराला अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण व चौल या बंदरांचे उल्लेख आहेत. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे: मद्य, तांबे, कथील, पोवळे, आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी रूपवान मुली. माणूस हा यादीतला एक जिन्नस होता आणि लेखकाला त्याचे नवल वाटले नव्हते.

नवल वाटावे तरी कशाला? रोमची शेती, खाणी आणि घरे गुलामांच्या श्रमावर चालत. व्हॅरोने शेतीच्या साधनांचे तीन वर्ग केले. गाडी हे मुके साधन, बैल हे अर्धवाचेचे आणि गुलाम हे बोलणारे! म्हातारे बैल आणि मोडकी अवजारे यांच्याबरोबरच म्हातारा व आजारी गुलामही विकून टाकावा, असा केटोचा सल्ला होता. डेलॉसच्या बंदरात एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम उतरवून विकले जाऊ शकत, असे स्ट्रॅबो सांगतो.

तथापि याच रोमने कर्जापोटी नागरिकाला बांधून ठेवण्याची प्रथा इ. स. पूर्व चौथ्या शतकात कायद्याने रद्द केली होती. प्रथा गेली, पण फुकट श्रमाची भूक गेली नाही. ती युद्धकैद्यांनी भागविली. पुढे साम्राज्याच्या उत्तरकाळात कुळे जमिनीला जखडली गेली आणि पळून जाण्याच्या बेतात असलेल्या कुळाला बेड्या घालण्याची मुभा सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३२ मध्ये दिली. गुलामगिरी एका दाराने बाहेर पडते आणि दुसऱ्या दाराने आत येते, हा या इतिहासाचा धडा आहे.

आपला इतिहास याला अपवाद नाही. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. १८४३ च्या कायद्याने गुलामीची न्यायालयीन मान्यता संपली. पण ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढणारा आदिवासी सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबत राहिला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांनी त्याविरुद्ध लढा दिला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्जच रद्द ठरविले.

आता रायगडातील कातकऱ्याकडे पाहावे. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात दाणा नसतो. अशा वेळी वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम येऊन उचल देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. मुले शाळा सोडून मागे जातात. नवरा-बायको मिळून विटा पाडतात. हिशेबाची वही मात्र मालकाकडे असते. हंगाम संपतो, उचल फिटत नाही आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षाची बेडी होते.

मालक म्हणतात, ‘आम्ही कोणाला बांधून आणत नाही, ते आपखुशीने येतात.’ हे खरे की, या माणसाला कोणी बाजारात विकत नाही आणि कायदा त्याच्या बाजूचा आहे. पण भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीही सक्तीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे. उपाशी माणसाची संमती ही संमती नव्हे.

न्हावा शेव्याच्या परिसरात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले. पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या लढ्याचे मोल मोठे आहे. मात्र हक्क सांगायला सातबारा लागतो. अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही, तो मुकादमाला नाही कसे म्हणणार?

कायद्यात दक्षता समित्यांची तरतूद आहे. त्या समित्यांनी दिवाळीनंतर भट्टीवर जावे, हिशेबाची वही मागावी. वाड्यांची जमीन राहणाऱ्यांच्या नावे करावी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत गावातच रोजगार द्यावा. एवढे झाले तरच उचलीचा फास सैल होईल. अन्यथा व्हॅरोचे ‘बोलणारे साधन’ आपल्या घरांच्या विटा पाडीतच राहील आणि त्याचे आपल्यालाही नवल वाटणार नाही.